कोरड्या मुलखातील पाण्याचा हिशेब



विहिरी आणि बावखलांच्या गावात वाढलेल्या आपल्याला पाणी मोजून पिण्याची सवय नसते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी तंबू घेऊन चालायला गेलो, तेव्हा आम्हांला हा हिशेब नव्याने शिकावा लागला. आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळीही आता सुट्टीत डोंगरदऱ्यांत जातात. म्हणून तो धडा येथे मांडत आहोत.

तो मुलूख कसा आहे?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हे शहर आहे. २९ नोव्हेंबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तेथे आदिवासी बांधवांची भेट घेतली होती. आपल्यापैकी काही ज्येष्ठांना ते आठवत असेल. शहराच्या पश्चिमेला मॅकडॉनेल पर्वतरांग आहे. हा मूळचा अरेर्न्टे आदिवासींचा प्रदेश. या रांगेतून लारापिंटा नावाची सुमारे २२३ किलोमीटरची पायवाट जाते. शहराजवळच्या जुन्या तारघरापासून १,३८० मीटर उंचीच्या माउंट साँडरपर्यंत तिचे १२ टप्पे आहेत.

येथे वर्षाला सरासरी ३०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे एकट्या जुलैत याच्या दुपटीहून अधिक पडतो. नद्यांची पात्रे रुंद, पण बहुतेक काळ त्यांत नुसती वाळू असते. पाणी राहते ते दऱ्यांच्या सावलीतील डोहांत. डिसेंबर-जानेवारीत पारा ४० अंशांवर जातो, तर जून-जुलैच्या रात्री तो शून्याखालीही उतरतो. म्हणून लोक मे ते ऑगस्ट या थंड महिन्यांत येथे चालतात.

डोंगरावरचा निर्णय

आम्ही तिघे रेडबँक गॉर्जजवळ तंबू ठोकून राहिलो होतो. तेथून माउंट साँडरचे शिखर गाठून परत येणे म्हणजे सुमारे १६ किलोमीटरची चाल. वाटेत पाणी नाही. सूर्योदय वरून पाहावा म्हणून पहाटे तीनला टॉर्च घेऊन निघालो. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी होते.

दीड तासाने पहिल्या मोठ्या चढावर थांबलो, तेव्हा एकाची पाठ ओली लागली. त्याच्या पाण्याच्या पिशवीचे झाकण नीट बसले नव्हते आणि सारे पाणी वाहून गेले होते. उरलेले मोजले, तर तिघांत मिळून जेमतेम साडेचार लिटर. पाणी वाटून घेण्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो पुढे जाण्याबद्दल.

एक जण म्हणाला, "इतक्या लांबून आलो. जपून प्यायलो तर पुरेल."

आमच्यातील वडीलधारे म्हणाले, "सगळे ठीक झाले तर पुरेल रे. पण एकाचा पाय मुरगळला आणि उन्हात दुपारपर्यंत बसावे लागले, तर?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हते. सूर्योदय तेथूनच पाहिला आणि खाली उतरलो. तळावर पोहोचलो तेव्हा पाणी उरलेले होते. "बघा, पुरले असते," असे तो मित्र म्हणाला. कदाचित पुरले असते. पण कदाचितच्या भरवशावर तीन जीव टाकायचे नसतात.

आम्ही काय शिकलो?

१. एका माणसाला चालण्याच्या दिवशी किमान तीन-चार लिटर पाणी लागते; उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते एकाच पिशवीत न भरता दोन-तीन बाटल्यांत विभागावे.

२. पायवाटेवर ठरावीक ठिकाणी टाक्या आहेत. त्यांतले पाणी शुद्ध करूनच प्यावे. टाकी भरलेली असेलच, असे मात्र गृहीत धरू नये.

३. कोठे चाललो व केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्याला सांगून जावे. तेथे बहुतेक ठिकाणी मोबाइल चालत नाही. म्हणून उपग्रहामार्फत संकटाची खूण पाठवणारे छोटे यंत्र जवळ ठेवावे.

४. कोरड्या नदीपात्रात तंबू ठोकू नये. दूर कोसळलेल्या पावसाचा लोंढा अचानक येतो. काठावरच्या मोठ्या निलगिरीखालीही झोपू नये. तिच्या जड फांद्या वारा नसतानाही तुटून पडतात.

५. गाडी बंद पडली तर ती सोडून चालू लागू नये. शोधणाऱ्यांना चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

६. डोह हा पशुपक्ष्यांचाही पाणवठा आहे. त्यात साबण किंवा अंगाला लावलेले तेल जाऊ देऊ नये. काही जागा अरेर्न्टे लोकांना पवित्र आहेत. तेथील सूचना पाळाव्यात.

बंधुभगिनींनो, आपण मुलांना "माघार घेऊ नकोस" असे शिकवतो. ते योग्यच आहे. पण वेळेवर मागे फिरणे म्हणजे हार नव्हे, हेही त्यांना सांगायला हवे. शिखर तेथेच राहते. माणूस घरी परतला तर पुन्हा जाता येते.

कुटुंबात चर्चेसाठी

० आपल्या घरातील मुले सहलीला जाताना कोठे, कोणाबरोबर व केव्हा परतणार, हे सांगून जातात का?

० गटात एखादा "मागे फिरू या" म्हणाला, तर आपण त्याचे ऐकतो की त्याची थट्टा करतो?