सॅक्रामेंटोचा कागद

२०१७च्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या पगाराच्या स्लिपवर एक नवी ओळ उगवली: ‘इम्प्युटेड इन्कम’. उत्पन्न हातात आलेच नव्हते, त्यावरचा कर मात्र कापला गेला होता. एचआरने हिशेब समजावला. जोडीदाराला कंपनीच्या आरोग्य विम्यात घेतले आहे. तो कायद्याने नवरा असता, तर कंपनी भरते तो हप्ता करमुक्त राहिला असता. तो पडला डोमेस्टिक पार्टनर, म्हणून तो हप्ता केंद्राच्या लेखी तुमचीच कमाई.

यात कुणी फसवले नव्हते. लेखक पुण्याचा, जोडीदार नाशिकचा, आणि मुक्काम सॅन होजेत. दोन्ही घरी ‘रूममेट’ हा शब्द सोयीचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी समलिंगी विवाह देशभर मान्य केला होता, तेव्हा लग्नाचा रस्ता मोकळाच होता. पण ‘लग्न’ म्हटले की आई, मामा, पत्रिका आणि गुरुजी एकदमच डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यापेक्षा डोमेस्टिक पार्टनरशिपचा फॉर्म बिनबोभाट वाटला. दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि लिफाफा सॅक्रामेंटोला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात. ना साक्षीदार, ना समारंभ. पती-पत्नीचे हक्क मिळतात, एवढे दोघांनी वाचले होते. ते ‘राज्याच्या कायद्यानुसार’ मिळतात, ही अर्धी ओळ नजरेतून निसटली.

खरा दणका पुढच्या वर्षी बसला. जोडीदाराची शिक्षणानंतरच्या कामाची मुदत संपली आणि दुसऱ्या व्हिसाचा अर्ज करायला हातात उरले साठ दिवस. लेखक एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे तो आता एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर येईल, असे दोघे गृहीत धरून चालले होते. वकिलाने सॅक्रामेंटोचा कागद वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि विचारले, “मॅरेज सर्टिफिकेट कुठे आहे?” इमिग्रेशन खाते केंद्राचे, त्याला फक्त विवाह कळतो. तोवर चाळीस दिवस उडाले होते.

कॅलिफोर्नियात विवाहाच्या परवान्यासाठी थांबावे लागत नाही, म्हणून निभावले. त्याच जोडीदाराशी लग्न करताना आधीची पार्टनरशिप मोडावीही लागत नाही. काउंटीच्या कचेरीत गुरुवारी दुपारी लग्न लागले. साक्षीदार म्हणून सांगलीचा एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत धावत आला आणि डब्याची पिशवी हातात धरूनच उभा राहिला. आईला कळले तीन महिन्यांनी.

हा घोळ समजायला त्या कागदाचा जन्म पाहावा लागतो. लग्नाचे दार बंद होते तेव्हा त्याच्याच फळीत कापलेला हा दिंडी दरवाजा. बर्कली शहराने १९८४ साली आपल्या कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांसाठी तो आधी उघडला. सॅन फ्रान्सिस्कोत १४ फेब्रुवारी १९९१ रोजी, व्हॅलेंटाइन डेला, पहिल्या जोड्यांनी नोंदणी केली. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा १९९९चा. त्यात सुरुवातीला रुग्णालयात भेटीचा हक्क आणि सरकारी नोकरांच्या जोडीदारांना विमा, इतपतच होते. २००५पासून मात्र विवाहाचे जवळजवळ सगळे हक्क आणि सगळी बंधने त्याला जोडली गेली. केंद्र सरकार जागचे हलले नाही. त्यामुळे करातही गंमत होते. राज्याकडे दोघे विवाहितांसारखे रिटर्न भरतात आणि केंद्राकडे प्रत्येक जण एकटा.

केंद्र पुढे हलले तेही फक्त विवाहासाठी, एका खटल्यामुळे. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी १९९३ मध्ये शहराच्या नोंदणीत नाव घातले आणि २००७ मध्ये टोरांटोला जाऊन लग्न केले. २००९ मध्ये स्पायर वारल्या. तेव्हा केंद्र समलिंगी विवाह मानत नसल्याने विंडसर यांना ३,६३,०५३ डॉलर वारसा कर भरावा लागला. त्या कोर्टात लढल्या आणि २०१३ मध्ये जिंकल्या. त्या निकालाने केंद्राची मान्यता मिळाली ती विवाहाला. पार्टनरशिप होती तिथेच राहिली.

म्हणून परदेशात असा कागद करणाऱ्यांनी आधी विचारावे, की तो कोणत्या सरकारचा आहे आणि व्हिसा, कर, पेन्शन कोणत्या सरकारच्या हातात आहे. विम्यात नाव घालण्यापूर्वी एचआरकडून कराचा आकडा लेखी घ्यावा. आणि वेगळे झालात किंवा देश सोडलात, म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही. कॅलिफोर्नियात पाच वर्षांच्या आतले, मूलबाळ आणि घरदार नसलेले नाते काही अटींवर एका अर्जाने संपते. एरवी घटस्फोटासारखे कोर्टात जावे लागते.

भारतात परतणाऱ्यांसाठी तर लग्नाचा आणि पार्टनरशिपचा, दोन्ही कागद सारखेच. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, आणि सिव्हिल युनियनचा हक्कही ३ विरुद्ध २ मतांनी नाकारला. तरी काही गोष्टी आज करता येतात. संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या इस्टेटीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच सांगितले. तेव्हा नॉमिनेशनच्या जोडीला मृत्युपत्र हवेच, तेही दोन साक्षीदारांसमोर सही केलेले. शेवटच्या आजारपणात कुणाचा शब्द चालावा, यासाठी लिव्हिंग विल करता येते. २०२३पासून त्याला दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

गेल्या डिसेंबरात दोघांनी पुण्यात संयुक्त खाते उघडले. फॉर्मवर दुसऱ्या खातेदाराशी ‘नाते’ असा रकाना होता. काउंटरवरच्या ताईंनी पेन थांबवून वर पाहिले, मग स्वतःच ‘मित्र’ असे लिहिले आणि फॉर्म पुढे सरकवला. खाते चौथ्या दिवशी सुरू झाले.