मदतीचा टेम्पो निघण्याआधी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी पोचलं ५७ फुटांवर. पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. तो खुला झाला आणि मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. गणेश मंडळं, महिला मंडळं, कॉलेजची मुलं, सोसायट्या, भिशीचे गट, ज्याला जे जमेल ते भरून निघाला. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला बसायचे होते. कितीतरी मंडळांनी मांडवाचा आणि रोषणाईचा खर्च कापून ते पैसे पूरग्रस्तांकडे वळवले. असा समाज आपल्याला लाभला याचा अभिमान वाटावा, असेच ते दिवस होते.

त्या रांगेतल्या एका टेम्पोत मीही होते. तिथे जे पाहिलं आणि पुढे २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात जे पुन्हा पाहिलं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडे मदत कमी पडत नाही. मदतीला निघालेल्या चांगल्या माणसांना कुठे जायचं, काय न्यायचं आणि कधी थांबायचं हे ठामपणे सांगणारं माणूस कमी पडतं. स्वयंसेवकांचं नेतृत्व हे एक कौशल्य आहे. ते उत्साहातून आपोआप येत नाही, शिकावं लागतं.

त्या टेम्पोत पाण्याच्या बाटल्या होत्या, बिस्किटांचे खोके होते आणि गाठोडी बांधलेले जुने कपडे होते. पथकाच्या प्रमुखाने महामार्गाला लागून असलेल्या पहिल्याच मोठ्या गावात गाडी थांबवली. आधीच्या तीन गाड्याही तिथेच थांबलेल्या. दोन मुलं वर चढली आणि हाताला लागेल ते खाली देऊ लागली. अंगात बळ असलेले पुढे आले, म्हातारी माणसं मागे रेटली गेली. गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या दलित वस्तीपर्यंत त्या दिवशी कुणीही पोचलं नाही. ती वस्ती नदीला सर्वांत जवळ होती आणि तिथली घरं सर्वांत आधी बुडाली होती.

गर्दीच्या कडेला एक बाई वही घेऊन उभी होती. ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे, कोणाला साखरेच्या गोळ्या लागतात, कोणाची जनावरं कुठे बांधली आहेत, सगळं तिने घरागणिक लिहून ठेवलेलं. "दादा, बिस्किटं बास झाली. चारा आणलाय का?" एवढंच तिने विचारलं. प्रमुखाने तिला बाजूला उभं राहायला सांगितलं, कारण फोटो काढायचा होता.

चाऱ्याचा तिचा प्रश्न अगदी नेमका होता. कृष्णाकाठच्या त्या पुरात अनेक कुटुंबं वेळेवर बाहेर पडली नाहीत, याची दोन मोठी कारणं होती. एक म्हणजे २००५ च्या पुराची आठवण: तेव्हा पाणी जिथपर्यंत आलं होतं, त्याच्या वर येणार नाही असं धरून लोक माळ्यावर सामान चढवून बसले. दुसरं कारण गोठ्यातली जनावरं. दावणीला म्हैस सोडून शेतकरी बोटीत बसत नाही. पाणी ओसरल्यावरही त्याची पहिली चिंता वैरण हीच होती, कारण रचून ठेवलेली सगळी वैरण कुजून गेली होती. हे शहरातल्या मंडळाला ठाऊक नसणं साहजिक आहे. पण गावातल्या एका माणसाला फोन केला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

म्हणून निघणाऱ्यांनी पहिलं काम हे करावं: गाडी भरण्याआधी एक माणूस पुढे पाठवावा, नाहीतर निदान फोन लावावा. तहसील कार्यालय, ग्रामसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गट यांच्यापैकी कुणीतरी सापडतंच. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून लावायचा तर आधी त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावावा लागतो. कोणत्या गावात अजून गाडी गेली नाही, एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं. महामार्गालगतच्या गावाला पाचव्यांदा बिस्किटं मिळतात आणि आतल्या वाडीत चूल पेटत नाही, ते हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून.

जुन्या कपड्यांबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं. २००१ मध्ये कच्छच्या भूकंपानंतर रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडून होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेच झालं. ते कपडे वर्गवारी करून उपयोगात आणायला 'गूंज' या संस्थेला वेगळी मोहीम काढावी लागली. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा देऊ नये असं नाही. धुतलेला, न फाटलेला, मापाप्रमाणे वेगळा केलेला आणि वर चिठ्ठी लावलेला कपडा द्यावा. ज्याचं घर नुकतंच चिखलात गेलं आहे त्याला आपण टाकून दिलेली वस्तू देताना त्याच्या मानाचा विचार करावा. दर घरासाठी एकसारखा संच करणं सर्वांत चांगलं: तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साबण, मेणबत्ती, काडेपेटी, सॅनिटरी पॅड, चादर, खराटा आणि फिनेल. खराटा आणि फिनेल बहुतेक गाड्यांत नसतं, आणि पाणी उतरल्यावर लोक आधी तेच शोधत असतात.

महाराष्ट्राला या विषयातला सर्वांत मोठा धडा किल्लारीने दिला. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गाव झोपलेलं असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसं गेली. देशभरातून मदत आली, माणसं आली, आणि काही आठवड्यांत बहुतेक परत गेली. घरं बांधण्याचं आणि दुरुस्तीचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेने एक साधी वाटणारी पण दूरदृष्टीची गोष्ट केली. हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. सरकारी अनुदान कसं मिळतं, भिंतीला भूकंपरोधक पट्टा कुठे टाकायचा, सिमेंट किती लागतं, गवंडी काम नीट करतो आहे का, हे सगळं या बायका शिकल्या आणि घरोघर जाऊन सांगू लागल्या. अनेकींनी तोवर ग्रामसभेत तोंड उघडलेलं नव्हतं.

पुढे कच्छचा भूकंप झाला तेव्हा यांपैकी काही जणी गुजरातला गेल्या. हातात बिस्किटांचे पुडे नव्हते. आमचं घर पडलं होतं, आम्ही ते असं उभं केलं, तुम्ही काय करणार आहात, एवढं बोलायला त्या गेल्या. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. भाषा वेगळी होती, तरी पडलेल्या घरापुढे उभ्या असलेल्या बाईला दुसऱ्या पडलेल्या घरातून आलेली बाई समजते. माझ्या मते आपत्तीतल्या नेतृत्वाचा महाराष्ट्राने देशाला दिलेला हा सर्वांत मोलाचा नमुना आहे, आणि आपल्याच मंडळांना तो फारसा माहीत नाही. वहीवाली ती बचत गटाची अध्यक्ष याच परंपरेतली. बाहेरून गेलेल्या प्रमुखाने तिच्या हाताखाली काम करायचं असतं.

आता सुरक्षेबद्दल. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. १७ जण बुडाले, त्यांत बायका आणि मुलंही होती. माणसं वाचवण्याच्या तळमळीतूनच ती बोट भरली गेली, म्हणून ते दुःख अधिक खोल आहे. अशा वेळी बोटीत चढा म्हणणारे पुष्कळ असतात. आता बास, बाकीचे पुढच्या फेरीला, असं सांगणारा एक लागतो, आणि त्याचा शब्द सगळ्यांनी मानावा लागतो. ज्यांना पाण्याचं प्रशिक्षण नाही त्यांनी बोटीच्या कामात हात घालूच नये. लाइफ जॅकेट नसेल तर स्वयंसेवकाने पाण्यात उतरू नये, त्याला कुणी भित्रा म्हणो की काही म्हणो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं वर जाऊ शकत नव्हती, म्हणून एनडीआरएफच्या जवानांबरोबर गिर्यारोहकांची पथकं पावसात चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. तिथे उपयोगी पडले ते वर्षभर दोर, गाठी, स्ट्रेचर यांचा सराव करणारे लोक. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', कोल्हापूरची 'व्हाइट आर्मी' अशा संघटना हा सराव सातत्याने करतात. बाकीची गर्दी इतकी झाली की प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. त्या गर्दीतल्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार. पण अरुंद पायवाटेवर चांगला हेतू घेऊन उभा असलेला माणूसही स्ट्रेचरची वाट अडवतो.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरल्यावर दुकानादुकानांत गुडघाभर गाळ. तो काढायला तरुण मुलं आली, झटून राबली. कित्येकांच्या पायात स्लिपर होत्या. पुराच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही ते शरीरात शिरतात. गमबूट, रबरी हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिनची गोळी, याची सोय पथकप्रमुखाने निघण्याआधी करायची. मुलांची जेवणाची, झोपण्याची आणि पाळी बदलण्याची व्यवस्थाही त्यानेच पाहायची. आजारी पडलेला स्वयंसेवक पूरग्रस्ताचीच खाट अडवतो. घरी गेल्यावर ताप आला तर आपण पुराच्या चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना सांगायचं, हेही प्रत्येकाला बजावून सांगावं.

पैशाचा भाग अनेक मंडळं हलका घेतात आणि मग वर्षानंतर एकमेकांकडे संशयाने बघत बसतात. ज्या मंडळाची नोंदणी नाही, त्याला वर्गणी गोळा करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवासाठी मंडळं ती घेतात, पण पूरनिधीचा डबा फिरवताना विसरतात. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करायचं आणि पैसे तिच्या खात्यात घ्यायचे. देणगीदाराला आयकरात देणगीची सवलत हवी असेल तर संस्थेकडे तशी मान्यता असावी लागते. दोन हजार रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ती सवलत नाही, वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही नाही, हे आधीच सांगून टाकावं. जमा किती, खर्च किती, उरले किती, हा एका पानाचा हिशेब महिन्याच्या आत मंडळाच्या फलकावर लावावा. पुढच्या वेळी लोक न मागता देतात, ते या कागदामुळे.

फोटोंबद्दल थोडक्यात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाकीट देतानाचा त्याचा चेहरा टिपू नका. हिशेबासाठी फोटो हवा असेल तर सामानाचा काढा, गाडीचा काढा. रांगेतला तो शेतकरी गेल्या वर्षीपर्यंत तुमच्या मंडईत भाजी पाठवत होता.

आणि वेळेबद्दल. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं, आणि खऱ्या अडचणी तेव्हा सुरू होतात: पंचनाम्यात नाव सुटलेलं असतं, रेशनकार्ड आणि सातबाऱ्याचे कागद भिजलेले असतात, मुलांची दप्तरं गेलेली असतात, विहीर उपसायची असते. ज्या मंडळाला मनापासून काही करायचं आहे त्याने निम्मे पैसे आणि निम्मी माणसं या दिवसांसाठी राखून ठेवावीत. एकच गाव घ्यावं आणि दिवाळीपर्यंत त्याच गावाशी संबंध ठेवावा. अर्ज लिहून देणारी दोन माणसं तेव्हा टेम्पोभर मालापेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे मी चिपळूणला डोळ्यांनी पाहिलं आहे.

मंडळांच्या बैठका जून-जुलैत होतातच. वर्गणी, मूर्ती, मांडव यांच्या जोडीला या वर्षी आणखी दोन नावं त्या बैठकीत ठरवा. पूर आला तर आधी पुढे जाऊन गावाशी बोलणार कोण, आणि इथे फोनपाशी बसून बाकीच्यांना 'अजून निघू नका' असं सांगणार कोण. दुसऱ्या नावासाठी मंडळातलं सर्वांत खंबीर माणूस निवडा.