जुन्या मिनीचे बॉल जॉइंट : कसब शिमच्या मापात

१९५९ ते २००० पर्यंत बनलेल्या जुन्या मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक बॉल जॉइंट असतो. चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या. जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगून चाक वर-खाली धरून हलवा. तरीही खेळ जाणवला तर दोष बेअरिंगचा नव्हे, जॉइंटचा.

नवा जॉइंट आधी स्प्रिंग, शिम व लॉक वॉशरशिवाय बसवा. खेळ संपेपर्यंतच नट आवळा. नटाखालची फट फीलर गेजने मोजा, त्यातून लॉक वॉशरची जाडी वजा करा. उरेल तेवढे शिम घाला. शिम कमी पडले तर स्टिअरिंग जड, जास्त झाले तर खेळ कायम. शेवटी स्प्रिंगसह सर्व जोडून नट पक्का करा, वॉशर नटावर दुमडा, ग्रीस भरा.

कारागीर बंधूंनो, जुनेच शिम अंदाजाने टाकू नका. जॉइंट निखळला तर चाक आडवे होते. गिऱ्हाइकाचा जीव आपल्या मापावर असतो.