वॅटचं सोड, टेप आण!

बघ गं, आधी ते रिव्ह्यूचे व्हिडिओ बंद कर. होम थिएटरसाठी डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच रिसीव्हर घ्यायचा की यामाहाचा आरएक्स-व्ही६ए, यावर तू किती रात्री जागणार आहेस? त्या व्हिडिओवाल्यांनी तुझा हॉल पाहिलेला नाही. खरं सांगू का, दोन्ही चांगले आहेत. कुठलाही घेतलास तरी पैसे पाण्यात जाणार नाहीत, ती धास्ती आधी काढून टाक. आता तुझ्या घरात कुठला नीट बसतो, एवढंच पाहायचंय.

तुला छळतोय तो वॅटचा आकडा, हो ना? डेनॉन ८०, यामाहा १००. साहजिकच वाटतं की यामाहा चांगलाच मोठा वाजणार. पण आवाजाचं गणित तसं सरळ नसतं. ताकद दुप्पट केली तर कुठे ३ डेसिबल वाढतात. ८० आणि १०० मध्ये जेमतेम १ डेसिबलचा फरक. सिनेमा बघताना तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. शिवाय हे आकडे दोनच चॅनल चालवून मोजलेले असतात. त्यामुळे दुकानदार ‘मॅडम, पॉवर बघा’ म्हणाला की गोड हसायचं आणि किमतीवर यायचं.

बाकी दोघांत सारखंच खूप आहे. दोन्ही ७.२ चे (सात स्पीकर, दोन सबवूफर), दोन्हीत डॉल्बी अ‍ॅटमॉस, दोघांसोबत खोली मोजायचा माइक. तुझा सोफा भिंतीला टेकलेला, मग सात स्पीकर जमिनीवर मांडायचा हट्ट कशाला? पाच खाली, एक सबवूफर, दोन छतात. याला ५.१.२ म्हणतात आणि दोन्ही रिसीव्हर ते करतात. फक्त छताच्या वायरी पीओपी व्हायच्या आत टाकून घे. ‘नंतर बघू ताई’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकायचं नाही.

आता जिथे खरा फरक पडतो तिथे ये. टेप घे आणि टीव्ही युनिटचा कप्पा आतून मोज. डेनॉन साधारण ३४ सेंटीमीटर खोल आणि १५ उंच, यामाहा जवळजवळ ३८ खोल आणि १७ उंच. मागे एचडीएमआयच्या केबल वळायला चार बोटं जागा हवी, आणि डोक्यावर मोकळी हवा, कारण हे यंत्र चांगलंच तापतं. सुताराने कप्पा ४० चा केला असेल तर यामाहा आत जाईल, पण केबल दुमडून बसतील. तिथे डेनॉनच बरा.

उलट, मागच्या स्पीकरची वायर बाल्कनीच्या दारातून न्यावी लागणार असेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर पारडं यामाहाकडे झुकतं. त्याला म्युझिककास्ट २० किंवा ५० हे स्पीकर मागे बिनवायरीचे जोडता येतात. प्लग मात्र लागतोच हं, बिनवायरीचे म्हणजे बिनविजेचे नव्हेत!

लेकाचा एक्सबॉक्स आहे ना? मग हेही ऐक. यामाहा २०२० चा. त्याच्या सुरुवातीच्या पीसना एक्सबॉक्स सिरीज एक्सचं ४के-१२० चित्र नीट पुढे पाठवता येत नव्हतं, कंपनीने नंतर बोर्ड बदलून द्यायची सोय केली. तेव्हा जुन्या साठ्यातला पीस स्वस्तात देत असतील तर आधी हे विचारून घे. डेनॉन २०२१ चा, त्यात ती भानगड नाही.

आणि दीर अमेरिकेहून येताना आणणार आहेत, तो बेत गोड बोलून मोडून टाक. तिथला पीस १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० व्होल्ट. वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि बिघडला तर इथे वॉरंटीचं नाव काढायचं नाही.

यंत्र घरी आलं की माइकने मोजणी कर, पण पंखा, मिक्सर बंद ठेवून, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला लावून. माझ्या मोजणीत कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, तू भात आधी उतरव!

इतकं पाहूनही दोघे बरोबरीतच राहिले, तर ज्याचं सर्व्हिस सेंटर तुझ्या गावात आहे तो घे आणि मोकळी हो. भावात वाचलेले पैसे सेंटर स्पीकरला घाल. सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात गं. तो चांगला असला की दर पाच मिनिटांनी ‘काय म्हणाला तो?’ विचारणारा तुझा नवराही गप्प बसून सिनेमा बघेल.