तर्कप्रश्नातील पर्याय कसे तोलावेत?

विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेत तार्किक युक्तिवादाचे प्रश्न असतात. तेथे पाठांतराचा उपयोग होत नाही. चारपैकी दोन पर्याय तरी बरोबर भासतात आणि विद्यार्थी मनाला पटेल त्यावर खूण करून पुढे जातो. पर्याय तोलण्याची रीत आम्ही येथे एका उदाहरणातून मांडत आहोत. उदाहरण काल्पनिक आहे. मात्र विषय मुद्दाम आपल्या जिव्हाळ्याचा घेतला आहे.

युक्तिवाद : एका तालुक्यातील निवासी शाळेच्या विद्यार्थ्यांचे दहावीचे सरासरी गुण सलग तीन वर्षे इतर शाळांपेक्षा अधिक आहेत. म्हणून निवासी शाळेत राहिल्याने मुलांची अभ्यासात अधिक प्रगती होते.

प्रश्न : पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत होतो?

(अ) निवासी शाळेतील भोजन सुधारावे, अशी पालकांची मागणी आहे.
(आ) निवासी शाळा चाचणी घेऊन सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या मुलांनाच प्रवेश देते.
(इ) इतर शाळांतील काही विद्यार्थ्यांनाही ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळाले आहेत.
(ई) केवळ गुणांवरून विद्यार्थ्याच्या चारित्र्याची पारख होत नाही.

पर्यायांकडे वळण्यापूर्वी निष्कर्ष आणि आधार वेगळे करावेत. ‘म्हणून’ या शब्दानंतर निष्कर्ष आहे. त्याच्या आधी आधार आहे. आधार गुणांतील फरक सांगतो, तर निष्कर्ष त्या फरकाचे कारण सांगतो. या दोहोंमधील फट पाहावी : फरकाचे कारण दुसरे असू शकेल काय?

आता (अ) पाहू. ते खरे असेल, पण भोजनाच्या मागणीमुळे गुणांच्या कारणाविषयी काहीच कळत नाही. (इ) मध्ये ‘काही’ हा शब्द आहे. काहींच्या यशाने सरासरीतील फरक पुसला जात नाही. (ई) सर्वांत मोहक आहे, कारण ते आपल्याला मनापासून मान्य असते. परंतु युक्तिवाद चारित्र्याविषयी बोलतच नाही. (आ) मात्र थेट त्या फटीवर बोट ठेवतो. मुले प्रवेशाच्या वेळीच अभ्यासात पुढे असतील, तर गुणांचे श्रेय निवासाला देता येत नाही. उत्तर (आ).

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, (आ) मुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्याचा आधार तेवढा ढिला होतो, आणि प्रश्नाने तेवढेच मागितले आहे. दुसरी, (आ) मधील ‘मुलांनाच’ यातील ‘च’ येथे बळ देतो. उताऱ्यावरून काय निष्पन्न होते, असा प्रश्न असता तर ‘सर्व’, ‘केवळ’, ‘कधीही नाही’ अशा ठाम शब्दांकडे संशयाने पाहावे लागले असते.

वेळेचाही हिशेब हवा. क्लॅटच्या सध्याच्या स्वरूपात पदवी प्रवेशासाठी 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. दोन पर्याय खात्रीने खोडल्यावर उरलेल्या दोहोंतून निवड करावी. अशा आठ प्रश्नांत सरासरीने चार उत्तरे बरोबर येतील, चार चुकतील. चार गुणांतून एक जाऊन तीन हाती राहतील. राज्याच्या विधी सीईटीत चुकीसाठी गुण वजा होत नाहीत, म्हणून तेथे एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

निवासी शाळेत वाढलेल्या मुलाला (आ) निवडणे जड जाईल, कारण त्याने आपल्या शाळेचे श्रेय कमी होते असे वाटते. तरीही त्याने तेच निवडावे. उद्या न्यायालयात आपल्या बाजूची फट प्रतिपक्षाचा वकील शोधणारच; ती आधी आपल्याला दिसली, तर तिचे उत्तर तयार ठेवता येते. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी रोज वर्तमानपत्रातील एक अग्रलेख मुलांसोबत वाचावा आणि विचारावे : लेखकाचा निष्कर्ष कोणता, आधार कोणता, आणि मधली फट कोठे आहे? या सरावाला शिकवणीचे शुल्क लागत नाही.