शब्दांच्या घराचे छप्पर



पश्चिम आफ्रिकेतील माली देशात, राजधानी बामाकोच्या नैऋत्येला, कांगाबा नावाचे गाव आहे. या गावात मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले एक गोल घर आहे. त्याचे नाव कामाब्लोन. याचा अर्थ 'शब्दांचे घर' असा सांगतात. हे घर १६५३ साली बांधले गेले असे मानले जाते. आजूबाजूच्या घरांपेक्षा ते फार मोठे आहे असे नाही, पण दर सात वर्षांनी त्याचे जुने छप्पर उतरवून नवे चढवतात आणि त्या निमित्ताने साऱ्या पंचक्रोशीतील लहानथोर मंडळी तिथे जमतात. गाणे, काव्य आणि कथाकथन यांचा हा उत्सव युनेस्कोने २००९ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. या अंकात आपण त्याचाच अभ्यास करू या.

जुने छप्पर उतरवणे आणि नवे चढवणे हे काम वीस-एकवीस वर्षांच्या तरुणांचे असते. वडीलधारे शेजारी बसून देखरेख करतात, आणि काम चालू असताना या घराचा इतिहास, त्याची चिन्हे, त्याचे नियम तरुणांना सांगतात. जवळच केला नावाचे गाव आहे. तिथले दियाबाते घराणे पिढ्यान्‌पिढ्या गायक-कथाकारांचे. त्यांच्यातील जाणते लोक या घरात बसून माली साम्राज्याचा संस्थापक सुंदियाता केइता याची आणि त्याच्या वंशजांची कथा म्हणतात. आतले हे पठण ध्वनिमुद्रित करू देत नाहीत. ज्याला हवे त्याने तिथे यावे आणि कानाने ऐकावे.

आता एखादा व्यवहारी माणूस म्हणेल, गवत कशाला? एकदा पत्रे टाका, पन्नास वर्षांची काळजी मिटली. (छपराच्या खर्चाची कल्पना आमच्या विश्वस्त मंडळींइतकी कोणाला असेल!) परंतु पत्रे टाकले तर सात वर्षांनी एकत्र येण्याचे कारणच उरणार नाही. गवत कुजते म्हणून लोक जमतात, आणि लोक जमतात म्हणून कथा सांगितली जाते. विसाव्या वर्षी ज्याने छपराला हात लावला तो सत्ताविसाव्या, चौतिसाव्या, एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तिथे असतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर ती कथा त्याची स्वतःची होते. आम्हाला तरी ही योजना फार शहाणपणाची वाटते.

या गायक-कथाकारांना फ्रेंच लोकांनी 'ग्रिओ' हे नाव रूढ केले. त्यांच्या स्वतःच्या मांदे भाषांत त्यांना जेली किंवा जाली म्हणतात. (मुलांनो, वाढदिवसाला खाता त्या जेलीशी याचा काही संबंध नाही.) कुयाते, दियाबाते, सिसोको ही त्यांची प्रसिद्ध आडनावे, आणि गांबियात दियाबातेचेच जोबार्ते होते. आडनावावरून व्यवसाय कळावा, असाच हा प्रकार. वंशावळी पाठ ठेवणे, लग्न-बारशात गाणे, भांडणात मध्यस्थी करणे, राजाचा निरोप पोहोचवणे ही सगळी जेलीची कामे. पैसेवाल्यांची पोकळ स्तुती करून बिदागी मिळवणारे जेलीही पुष्कळ आहेत आणि तिथले लोक त्यांना नावेही ठेवतात. आपल्याकडच्या भाटांबद्दल जुनी माणसे बोलत, तसेच.

त्यांची कथा सांगण्याची रीत आम्हाला विशेष आवडते. मुख्य कथाकार एक ओळ म्हणतो आणि समोर बसलेला दुसरा लगेच 'नामु' म्हणतो, म्हणजे 'होय, खरे आहे'. ओळीमागून ओळ, नामुमागून नामु. आजी गोष्ट सांगताना आपण 'हं' म्हणत राहतो आणि 'हं' थांबला की आजी विचारते, 'झोपलास का रे?' त्याच जातीचे हे काम. फरक इतकाच की तिथे 'हं' म्हणणारा हा एक मानाचा, शिकून घ्यायचा पाठ आहे. जेलीच्या घरातील मूल आधी ऐकते, मग दुजोरा देते आणि पुष्कळ वर्षांनी स्वतः बोलू लागते.

सुंदियाताच्या कथेतील एक प्रसंग पाहू. गिनीचे इतिहासकार जिब्रील तामसीर नियान यांनी मामादू कुयाते या जेलीकडून ऐकून ही कथा १९६० साली फ्रेंचमध्ये छापली, त्यात तो आहे. सुंदियाता लहानपणी चालू शकत नव्हता. सात वर्षांचा झाला तरी रांगतच होता. त्याची आई सोगोलोन एकदा सवतीकडे बाओबाबची थोडी पाने मागायला गेली. ही पाने तिकडे भाजी-कालवणात घालतात. सवत म्हणाली, माझा मुलगा मला पाने आणून देतो, तुझा तर उठूनही उभा राहत नाही. आई रडत घरी आली. मुलाने लोहारांकडून जाड लोखंडी कांब मागवली. तिच्या आधाराने तो उठला तेव्हा कांब धनुष्यासारखी वाकली, पण तो उभा राहिला. मग चालत जाऊन त्याने आख्खे बाओबाबचे झाड उपटले आणि आईच्या दारात आणून लावले. आता पाने हवी असतील तर सवतीनेच इकडे यावे!

हे झाड आपल्या मुलांनी पाहिलेले आहे. मांडूच्या सहलीत रस्त्याच्या कडेला बायका जी जाडजूड 'मांडूची इमली' विकतात, तिचे झाड म्हणजेच बाओबाब, मराठीत गोरखचिंच. मूळ आफ्रिकेचे हे झाड शतकांपूर्वी माळव्यात येऊन रुजले. पुढच्या सहलीत त्याचे खोड नीट पाहा, आणि सात वर्षांच्या मुलाने ते उपटले असे कथा का म्हणत असेल याचा विचार करा.

पुढे १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सुंदियाताने सोसोचा राजा सुमाओरो कांते याचा पराभव केला. सुमाओरोजवळ एक जादूचे बलाफोन होते आणि ते सुंदियाताचा जेली बाला फासेके याने वाजवले, असे कथा सांगते. बलाफोन म्हणजे लाकडी पट्ट्यांचे वाद्य. पट्ट्यांखाली लहान-मोठे भोपळे असतात, भोपळ्यांना भोके पाडून त्यांवर कोळ्याच्या अंड्यांच्या कोशाचा पातळ पापुद्रा चिकटवत, त्यामुळे आवाजाला एक झणझण येते. गिनीमधील नियागासोला गावात कुयाते घराण्याने जपलेले एक बलाफोन आजही आहे, आणि ते हेच अशी श्रद्धा आहे. युनेस्कोने २००१ साली त्याचा गौरव केला.

जेलींचे दुसरे मोठे वाद्य कोरा. सतारीला असतो तसा तुंबा, पण कितीतरी मोठा आणि अर्धा कापलेला. त्यावर गाईचे कातडे ताणतात. एकवीस तारा, डावीकडे अकरा, उजवीकडे दहा. वाजवायला फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. अंगठ्यांवर खर्जाची चाल सांभाळायची आणि तर्जन्यांवर वरचे सूर विणायचे. मालीचे तुमानी दियाबाते हे त्यातील थोर कलावंत, त्यांचे निधन २०२४ साली झाले.

ही परंपरा किती जुनी? मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२-५३ मध्ये मालीच्या दरबारात होता. त्याआधी तो दिल्लीत काझी होता आणि ग्वाल्हेर, धार, उज्जैन करीत दौलताबादलाही जाऊन आला होता, म्हणजे आपल्याच वाटेने गेलेला माणूस. मालीत सणाच्या दिवशी त्याने भोपळे लावलेले वाद्य ऐकले. पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचे लाकडी डोके घातलेले कवी राजापुढे उभे राहिलेले पाहिले. त्याला ते सोंग हास्यास्पद वाटले. पण कवी काय म्हणत होते हे मात्र त्याने नोंदवले: याच आसनावर पूर्वी अमुक राजा बसला, त्याने ही चांगली कामे केली, तूही असे कर की मागे नाव राहील. सुंदर पोशाखातल्या खुशामतीपेक्षा विचित्र पोशाखातला हा उपदेश आम्हाला मोलाचा वाटतो.

मालीत लेखन नव्हते, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. टिंबक्टूची हस्तलिखिते जगप्रसिद्ध आहेत. २०१२ साली उत्तर माली सशस्त्र अतिरेक्यांच्या ताब्यात गेला तेव्हा तिथे संगीतावरच बंदी आली, आणि जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना त्यांनी काही हजार हस्तलिखिते जाळली. बहुतेक ग्रंथ लोकांनी आधीच पेट्यांतून गुपचूप बामाकोला हलवले होते. कागद असो की कंठ, दोन्हीला माणसांनीच वाचवले.

विश्वस्तांनी आणि पालकांनी एका शाळेकडे विशेष लक्ष द्यावे. कोरा परंपरेने मुलग्यांना शिकवीत, स्त्रिया गात. गांबियातील जोबार्ते या जेली घराण्याच्या सोना जोबार्ते यांनी कोरा हाती घेतला आणि नामवंत वादक झाल्या. २०१५ साली त्यांनी गांबियात शाळा काढली. तिथे नेहमीच्या विषयांच्या बरोबरीने मुले आपले संगीत आणि आपला इतिहास शिकतात. घराण्याच्या अंगणात चालणारे शिक्षण शाळेच्या वेळापत्रकात बसवता येते, हे त्यांनी करून दाखवले.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिली नाही, ती घरच्या ओव्यांतून आणि गोष्टींतून कानावर पडली. आज आपल्या शाळेतील पुष्कळ मुले आजीचे मराठी समजतात पण उत्तर हिंदीत देतात. त्यांच्यासाठी पाचवी ते आठवीला आठवड्यातून एक तास कथेचा ठेवावा, त्या तासाला वही-पेन नसावे, आणि आजी-आजोबांना वर्गात बोलवावे, असे आम्ही विश्वस्त मंडळाला सुचवीत आहोत. परीक्षेच्या महिन्यात हाच तास पहिल्यांदा कापला जातो. तसे होऊ नये, अशी विनंतीही सोबत आहे.

सुट्टीतील काम: घरातील सर्वात मोठ्या व्यक्तीला विचारा की आपले कुटुंब इकडे केव्हा आणि कुठून आले. ऐकताना लिहू नका, फक्त 'हं' म्हणा. दुसऱ्या दिवशी तेच धाकट्या भावंडाला मराठीत सांगा. काय विसरले ते पुन्हा विचारून या. आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतील तर फोनवर विचारले तरी चालेल. शाळा उघडल्यावर प्रत्येकाला वर्गात पाच मिनिटे मिळतील.