नाक थकतं, पण हे प्लास्टिक थकत नाही

ताई, पावसाळ्यात कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात ना? भुशात विष्ठा ओली राहिली की अमोनिया वायू सुटतो. थोड्या वेळानं नाकाला सवय होते, वास येईनासा होतो. पिल्लांचे डोळे मात्र सुजतातच.

वायरवरचं प्लास्टिक वीज अडवतं. पण पॉलिअ‍ॅनिलिन नावाचं प्लास्टिक आम्लात मुरवलं की वीज वाहू देतं! अशा प्लास्टिकच्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमोनिया त्यातलं आम्ल मारतो, वीज कमी वाहते, अन् सेन्सरवर आकडा दिसतो. असे सेन्सर बनवण्याचं संशोधन आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही चालतं.

आपल्या शेडमध्ये सेन्सर येईल तेव्हा येईल. तोवर बाहेरून आल्या आल्या पिल्लांच्या उंचीला बसून वास घ्या. डोळे झोंबले तर ओला भुसा काढा, पोत्याचे पडदे गुंडाळा.